कप्प्यात कप्पा : एका आज्ञेचा धडा

स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी पाठविलेली जुनी छायाचित्रे संगणकावर नीट लावून ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले. लिनक्स प्रणालीवर आज्ञा टंकून हे काम कसे करावे आणि ते करताना आमची चूक कोठे झाली, हे येथे मांडत आहोत.

फायली ठेवण्याच्या कप्प्याला डिरेक्टरी म्हणतात. ती निर्माण करणारी आज्ञा म्हणजे 'एमकेडीआयआर'. आज्ञेची अक्षरे रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात. कप्प्याचे नाव मात्र देवनागरीत चालते. कप्प्यात कप्पा दाखविण्यासाठी नावांमध्ये तिरपी रेघ देतात.

समजा, 'वसतिगृह' हा बाहेरचा कप्पाच अद्याप नाही. अशा वेळी त्याच्या आतला कप्पा मागितला तर संगणक नकार देतो. आज्ञेपुढे एक जागा सोडून '-पी' लिहिले, की वाटेतील सर्व कप्पे बाहेरून आत क्रमाने तयार होतात :

एमकेडीआयआर -पी वसतिगृह/१९९८/सहल

'पी' हे 'पेरेंट्स', म्हणजे पालक, या शब्दाचे आद्याक्षर. जे कप्पे आधीपासून आहेत, त्यांना व त्यांतील फायलींना धक्का लागत नाही.

ही सोय आम्हांस फार आवडली आणि तिनेच आम्हांस चकविले. एका माजी विद्यार्थ्याने १९९८ च्या सहलीतील आपल्या वर्गमित्राचे छायाचित्र मागितले. तो मित्र आज हयात नाही. आम्ही कप्पा उघडला, छायाचित्र नव्हते. ते हरवले असावे, असे आम्ही जड अंतःकरणाने कळविले. दोन दिवसांनी ते सापडले. आमच्यापैकी एकाने 'वसतीगृह' असे दीर्घ टंकले होते. संगणकाच्या दृष्टीने ते निराळेच नाव. '-पी' नसते तर बाहेरचा कप्पा नाही म्हणून आज्ञा तेथेच अडली असती व चूक ध्यानात आली असती. '-पी'मुळे मात्र निमूटपणे दुसरी उतरंड उभी राहिली.

तेव्हापासून आम्ही तीन पथ्ये पाळतो. प्रथम 'एलएस' ही आज्ञा देऊन असलेली नावे वाचतो. मग '-पी'ऐवजी '-पीव्ही' लिहितो. त्यामुळे नव्याने झालेला प्रत्येक कप्पा पडद्यावर दिसतो. जुना समजलेला कप्पा त्या यादीत आला, की थांबतो. चुकीचा कप्पा काढताना 'आरएमडीआयआर' वापरतो. ही आज्ञा केवळ रिकामाच कप्पा काढते, आत एक जरी छायाचित्र असले तरी नकार देते.

त्या माजी विद्यार्थ्यास आम्ही पुन्हा पत्र लिहिले, क्षमा मागितली आणि छायाचित्र पाठविले. मूळ प्रत आता वसतिगृह/१९९८/सहल येथे आहे, 'ति' ऱ्हस्व.