इंग्रजी व्यापारी पत्रातील कॉमा

परप्रांतातील किंवा परदेशातील पार्टीला इंग्रजीत पत्र लिहिताना आपले व्यापारी व कारागीर बांधव स्पेलिंग तपासतात. स्वल्पविराम म्हणजेच कॉमा मात्र वाचताना जिथे दम घ्यावासा वाटतो तिथे टाकून देतात. वास्तविक कॉमाने अर्थ ठरतो आणि अर्थावर पैशाचा हिशेब ठरतो.

अमेरिकेच्या १८७२ च्या जकात कायद्यात फळझाडांच्या रोपांना जकात माफ करायची होती. पण 'फ्रूट प्लांट्स' या दोन शब्दांमध्ये चुकून कॉमा पडला. फळे वेगळी व रोपे वेगळी झाली आणि आयातदारांनी फळांवरही जकातमाफी मागितली. १८७४ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत सरकारचे सुमारे २० लाख डॉलर बुडाले.

आपल्या पत्रांत नेहमी आढळणाऱ्या चुका अशा :

१) दोन पूर्ण वाक्ये नुसत्या कॉमाने जोडणे. 'वुई गॉट युवर ऑर्डर, वुई विल सेंड द गुड्स ऑन मंडे.' येथे कॉमाऐवजी पूर्णविराम द्यावा किंवा कॉमानंतर 'अँड' लिहावे.

२) कर्ता व क्रियापद यांमध्ये कॉमा देणे. 'द गुड्स यू सेंट, आर डॅमेज्ड.' मराठीत आपण 'जो माल पाठवला, तो खराब निघाला' असे लिहितो. ती सवय इथे नडते. हा कॉमा काढावा.

३) यादीत नको तिथे कॉमा देणे. 'सेंड लेदर बेल्ट्स अँड पर्सेस' म्हणजे चामड्याचे पट्टे व पाकिटे. 'लेदर'नंतर कॉमा पडला की कच्चे चामडेही ऑर्डरमध्ये आले.

४) 'विच'पूर्वीचा कॉमा. 'वुई विल टेक बॅक द बॅग्ज विच आर डॅमेज्ड' म्हणजे फक्त खराब बॅगा परत घेऊ. 'बॅग्ज'नंतर कॉमा दिला तर सर्वच बॅगा खराब आहेत व त्या सर्व परत घेऊ, असा अर्थ होतो. शंभरात पाच बॅगा खराब असतील, तर गिऱ्हाईक याच वाक्यावर बोट ठेवून शंभरही परत करू पाहील.

कोटेशन, ऑर्डर किंवा करारनामा पाठवण्यापूर्वी प्रत्येक कॉमा पाहावा : तो काढला तर माल, नग किंवा अट बदलते काय? शंका वाटल्यास लांब वाक्य तोडून दोन लहान वाक्ये लिहावीत. साध्या इंग्रजीत कमीपणा नाही. संदिग्ध इंग्रजीत मात्र नुकसान आहे.