हात खिशातून बाहेर काढ

चि. बाळूस,

कंप पार थांबवील अशी गोळी आहे का, असं तू विचारलंस. नाही, तशी गोळी नाही. औषधाने कंप कमी होतो, दिवसाचे काही तास तर जाणवतही नाही. पण तो मुळापासून घालवणारं औषध अजून निघालेलं नाही. हे आधीच सांगते, कारण पार्किन्सन्सचं नव्याने निदान झालेला माणूस नेमका याच शोधात पैसा आणि झोप दोन्ही घालवतो.

त्यापेक्षा मला सांग, कंपामुळे तुझं अडतं काय? सही बिघडते, की बँकेत काउंटरपलीकडची माणसं बघतील याची धास्ती वाटते? या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. पहिलीवर डॉक्टर इलाज करतील. दुसरीसाठी गोळ्या वाढवत गेलास, तर गोळ्या वाढतील आणि धास्ती तिथेच राहील. ताण आला की हा कंप चेकाळतो, म्हणून मीटिंगमध्ये हात टेबलाखाली दाबून धरलास की तो आणखी हलतो. तपासताना डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात ना, तेही यासाठीच. डोकं गुंतलं की दबलेला कंप वर येतो. मी जन्मभर गणित शिकवलं. माझी उत्तरं बरोबर येतात, हात मात्र दर वेळी नापास होतो.

आपला कंप मुख्यतः विश्रांतीतला. हात मांडीवर स्वस्थ असला की अंगठा आणि बोटं जपमाळ ओढल्यासारखी हलतात, सेकंदाला चार ते सहा वेळा. कप घ्यायला हात पुढे केला की निदान क्षणभर थांबतात, आणि गाढ झोपेत तर कंप नसतोच. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजारावर निबंध लिहिला, त्यातही स्वस्थ हाताचा कंप आहे. तुमच्या शेजारच्या काकांचा हात कप उचलतानाच हलतो म्हणतोस. तो बहुधा दुसराच आजार, त्याची औषधंही दुसरी. त्यांची गोळी मागून घेऊ नकोस.

आता तुझ्या गोळीविषयी. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर घे. दूध, डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं तिच्याबरोबरच पोटात गेली तर तिचा रस्ता अडवतात. म्हणून डाळच सोडायची नाही, वेळ सांभाळायची. मळमळलं तर एखादं साधं बिस्किट चालतं. गोळी कधी घेतली, कंप कधी ओसरला, कधी परतला, हे वहीत लिही. पुढची गोळी घेण्याआधी कंप वाढत असेल तर डॉक्टर वेळा बदलतील. एक मात्र ध्यानात ठेव: अंगाचा ताठरपणा आणि मंदपणा या गोळीला जितकी दाद देतात, तितकी कंप देईलच असं नाही. म्हणून मनाने डोस वाढवू नकोस; अंग वेडंवाकडं हलायला लागतं, आणि ते कंपापेक्षा वाईट दिसतं. एकदम बंद तर कधीच करू नकोस, ते धोक्याचं आहे.

खास कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. तुझ्या वयाला डॉक्टर कदाचित देतील. माझ्या वयात ते स्मरणशक्तीवर येतं, गोंधळायला होतं, लघवी अडते. मी त्याच्या वाटेला जात नाही.

खाजकुयलीच्या चूर्णाबद्दल तुझी आई सांगेलच. तिच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, आणि नेमकी म्हणूनच मला तिची भीती वाटते. गोळी चालू असताना वर हे न मोजलेलं औषध कशाला? घेणारच असशील तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून घे. आणि उलटी किंवा चक्कर आली म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नकोस. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही नावं पाकिटात लिहून ठेव; यांनी आपला आजार बळावतो.

मेंदूत बारीक तार बसवायची शस्त्रक्रिया आहे, बॅटरी छातीच्या कातडीखाली असते. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे बेनाबिद यांनी 1987 मध्ये कंपासाठी ती सुरू केली. गोळ्यांना न जुमानणारा कंपही तिने पुष्कळदा आटोक्यात येतो. आजार मात्र राहतो, आणि ती प्रत्येकाला चालत नाही. तुझ्यापुढे आज तो प्रश्न नाही.

रोज घाम येईपर्यंत चाल. जाड पेन घे, लिहिताना कोपर टेबलावर टेकव, चहाचा कप पाऊणच भर. पुण्यात आलास की पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला माझ्याबरोबर ये. तिथे कुणी हात लपवत नाही.

पुढच्या तपासणीला ‘कंप घालवा’ म्हणू नकोस. सही, शर्टाची बटणं, मोबाइलवर टाइप करणं, यातलं काय जमत नाही ते सांग आणि वही पुढे ठेव. आणि बँकेत तुझ्या साहेबांना या महिन्यातच सांगून टाक.

तुझी,
मावशी