वऱ्हाडातील परसबागेस सावलीचे छत

थंड देशांत काचेचे हरितगृह ऊब साठविण्यासाठी बांधले जाते. अकोला व अमरावती जिल्ह्यांत उन्हाळी तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तेथे बंदिस्त छताखाली रोपे होरपळतात. म्हणून परसात बांबूच्या मांडवावर निम्मे ऊन अडविणारी हिरवी जाळी बांधून बाजू मोकळ्या ठेवाव्यात. त्या सावलीत कोथिंबीर, पालक उन्हाळ्यातही घेता येतात. हिवाळ्यात जाळी काढावी. टोमॅटो, झेंडू व शेवंती यांना भरपूर ऊन लागते.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात केवळ सावली पुरेशी नाही. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने मातीत क्षार साचून रोपे खुरटतात. तेथे छपरावरील पावसाचे पाणी टाकीत साठवून झारीने बेताने द्यावे. शाळेच्या आवारात असा एक मांडव उभा राहिल्यास गावास तो प्रत्यक्ष पाठ ठरेल.