शब्दांमधील मोकळी जागा

‘रामाचाकर’ हीं पांच अक्षरें पाटीवर लिहा आणि मोठ्यानें वाचा. कोणी ‘रामाचा कर’ असें वाचील, तर कोणी ‘रामा चाकर’ असें वाचील. पहिल्या वाचनांत रामाकडून कर येणें आहे. दुसऱ्यांत रामा हा कोणाच्या तरी पदरीं असलेला नोकर आहे. अक्षर एकही बदललें नाहीं. केवळ मोकळी जागा हालली, आणि कर देणारा चाकर झाला.

हें उदाहरण आम्हीं बनविलेलें असलें, तरी अडचण खरी आहे. आपल्या पौड खोऱ्यांत ज्यांच्या घरीं आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतील, त्यांनीं ते काढून पाहावे. मोडी लिहिणारा प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घेई व मग तिच्याखालीं अक्षरें लिहीत जाई. शब्द कोठें संपला हें दाखविण्यासाठीं तो जागा सोडीत नसे. म्हणून वाचणाऱ्यास गांवें, माणसांचीं नांवें व हिशेबाची रीत ठाऊक असावी लागे. युरोपांतही लॅटिन ग्रंथ पूर्वीं असेच सलग लिहीत; शब्द सुटे लिहिण्याची चाल तेथें सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील लेखकांनीं पाडली.

आतां शब्द सुटे करण्याचें हें काम संगणकास सांगून पाहूं. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथन या भाषेंत ओळीचे तुकडे करण्यासाठीं ‘स्प्लिट’ नांवाची आज्ञा आहे. ‘भात नाचणी वरई’ ही ओळ घ्या. पण भात व नाचणी यांमध्यें चुकून एकाऐवजीं दोन जागा सुटल्या आहेत असें समजा. आज्ञेपुढील कंस रिकामा ठेवला, तर लागोपाठच्या सर्व जागा मिळून एकच जागा धरली जाते व तीन शब्द हातीं येतात. ओळीच्या आरंभींची व शेवटची जागाही गळून पडते. परंतु कंसांत ‘एक जागा’ असें नेमून दिलें, तर प्रत्येक जागेपाशीं सुरी चालते. दोन जागांच्या मध्यें कांहींच नाहीं. पण तो रिकामा तुकडाही मोजला जातो, आणि तिनाचे चार होतात. धान्याच्या यादींत एक निनांवी धान्य वाढतें!

‘रामाचाकर’ मात्र दोन्ही रीतींनीं अखंडच परत येतें. २०१४ सालीं मोडी अक्षरांस युनिकोडमध्यें स्थान मिळालें. तरी ओळींत जागाच नसेल, तर ही आज्ञा बिचारी काय करणार?

विद्यार्थिमित्रहो, यंत्र केवळ जागा शोधतें. ती योग्य ठिकाणीं सोडणें हें लिहिणाऱ्याचें काम आहे. ‘घरासमोर’ हा एक शब्द ‘घरा समोर’ असा तोडून लिहिलात, तर शब्द मोजणारें यंत्र निमूटपणें दोन मोजील. आणि पालकांस विनंती ही, कीं घरांतील जुने कागद टाकून देऊं नयेत. मोडी वाचतां येणारें कोणी वडील माणूस भेटल्यास मुलांना त्याच्याजवळ बसवावें. कारण त्या सलग ओळींतील शब्द सुटे करण्याची विद्या त्याच्यापाशीं आहे.