लोगोत किती मासे मावतात?

प्रश्न : दिंडोशीत मालवणी मासळीचं छोटं हॉटेल सुरू करतोय. चित्रकार मित्राने लोगोत पापलेट, सुरमई, कोळंबी, होडी, माड असं सगळं काढलंय. चालेल का?

उत्तर : चित्र म्हणून छान, लोगो म्हणून गर्दी. जेवण मागवायच्या ॲपवर तो नखाएवढा दिसणार. तिथे माड कुठला नि होडी कुठली? एकच मासा ठेवा. माझं मत पापलेटला. २०२३ पासून ते महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि त्याचा आकार नुसत्या सावलीतही ओळखू येतो. मात्र नीट काढा : शेपटी खोल दुभंगलेली, तिचं खालचं टोक लांब आणि पोटाखाली पराची जोडी नाही. कोळणीशी घासाघीस करणारं गिऱ्हाईक चूक लगेच पकडेल. शेफची टोपी घातलेला हसरा मासा नकोच. ज्याला तळायचं त्याला कशाला हसवायचं? आधी एकाच रंगात काढून पाहा. पाटीवर मराठी नाव देवनागरीत आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, हा राज्याचा नियम. म्हणून अक्षरंही आत्ताच आखून घ्या. ट्रेडमार्क ४३व्या वर्गात नोंदवा. आणि मित्र असला तरी चित्राचे हक्क लेखी करून घ्या.