बरं झालं म्हणजे नेमकं किती?

नीटचा निकाल लागला की समुपदेशकाकडे येणाऱ्या निम्म्या पालकांची सुरुवात सारखीच असते. ‘एमबीबीएस काही हाताला लागत नाही, मग फिजिओला टाकू का?’ बाजूला मुलगा किंवा मुलगी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली. अशा नाइलाजाने आत शिरलेली मुलं दुसऱ्या वर्षाला कंटाळतात. आणि ज्यांना हे काम मनापासून मानवलं असतं, ती मुलं हा पर्याय उघडूनही बघत नाहीत. ‘त्यात काय, मालिश आणि शेक!’ असं कुणा काकांनी लग्नात सांगितलेलं असतं.

काकांना बाजूला ठेवू. रस्त्यावरचा अपघात, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, वर्षानुवर्षांचा दमा किंवा संधिवात, यांत रुग्णालयाचं काम डिस्चार्ज कार्डापाशी संपतं. जीव वाचलेला असतो. पण स्टेशनचा जिना चढता येईल का, शर्टाचं बटण एका हाताने लागेल का, पुन्हा कामावर जाता येईल का, हे प्रश्न त्या कार्डावर नसतात. ते सोडवायचं काम पुनर्वसनाचं. आणि त्यासाठी केलेले उपाय खरोखर लागू पडतात की नुसते बरे वाटतात, हे तपासायचं काम पुनर्वसनातल्या संशोधनाचं. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या एका जागतिक अभ्यासाचा हिशेब असा, की पुनर्वसनाचा उपयोग होईल अशा आजाराची वा दुखापतीची माणसं २०१९ मध्ये जगभरात २४१ कोटी होती. म्हणजे दर तिघांत एक. तेव्हा काम कमी पडेल ही काळजी करू नका.

काम कसलं असतं ते एका उदाहरणावरून सांगतो. गुडघ्याच्या झिजेचा त्रास मोजायला जगभर ‘वोमॅक’ नावाची प्रश्नावली वापरतात. ती १९८० च्या दशकात कॅनडात तयार झाली. तिच्यात विचारलंय, मोजे चढवताना किती त्रास होतो? गाडीत बसताना-उतरताना? आंघोळीच्या टबात शिरताना? आता ही प्रश्नावली घेऊन कोपरखैरण्याच्या एखाद्या चाळीतल्या आजींपुढे बसा. मोजे त्यांनी जन्मात घातलेले नाहीत, टब त्यांनी मालिकेत पाहिलाय. त्यांचं खरं दुखणं आहे ते उकिडवं बसण्याचं, देवापुढे मांडी घालण्याचं, जमिनीवरून हात न टेकता उठण्याचं. ते कुणी विचारलंच नाही तर आजींचा त्रास कागदावर थोडाच दिसणार, आणि उपचाराने झालेली सुधारणाही खोटी दिसणार. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ही अडचण ओळखून वोमॅकची भारतीय राहणीला धरून सुधारलेली आवृत्ती केली. ती ‘पुणे आवृत्ती’ म्हणून संशोधनात वापरली जाते. यंत्र नाही, औषध नाही, प्रश्न बदलले फक्त. माझ्या मते बारावीच्या मुलाला संशोधन म्हणजे काय हे सांगायला याहून चांगला दाखला नाही.

नवी मुंबईत याच धाग्यावरचं काम कामोठ्याला चालतं. एमजीएमच्या संकुलात सेंटर ऑफ ह्यूमन मूव्हमेंट सायन्स आहे. माणसाच्या अंगावर ठिकठिकाणी चमकत्या बारीक गोळ्या चिकटवतात, भोवतीचे कॅमेरे त्या टिपतात, जमिनीतली पाटी पावलाचा दाब नोंदवते, आणि सांधा कुठल्या क्षणी किती अंशात वळला, त्यावर किती भार आला हे संगणकावर दिसतं. तिथल्या संशोधकांनी सूर्यनमस्कार आणि खोल उकिडवं बसणं यांचा असा अभ्यास केला आहे. ‘गुडघे दुखतात ना, मग खाली बसणं बंद’ असा सल्ला आपण सर्रास ऐकतो. सगळ्यांना तो द्यावा का, हे मोजून बघण्याजोगं आहे.

आणि मोजण्याजोगं इथे कितीतरी पडलंय. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात पोत्यांच्या थप्प्या वाहणारे माथाडी, तळोज्याचे कारखाने, न्हावा-शेव्याकडे जाणारी अवजड वाहतूक, सायन-पनवेल महामार्ग. पाठीवर ओझं वाहून पन्नाशीला पोचलेल्या माणसाचा मणका कसा असतो आणि त्याला कोणता व्यायाम दिला तर तो तो खरंच करेल, हा प्रश्न बॉस्टनहून कुणी येऊन सोडवणार नाही.

आता स्वभावाचं बोलू, कारण करिअर इथेच जुळतं किंवा फसतं. सहा मिनिटं चालण्याची एक चाचणी असते. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या रुग्णांसाठी ती जगभर वापरली जाते. तीस मीटरचा सरळ पॅसेज, दोन टोकांना दोन शंकू, हातात स्टॉपवॉच. रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालला ते लिहायचं. सोपं वाटतं ना? पण नियम असा, की दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य ठरलेल्याच सुरात बोलायचं. ‘छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत.’ बस्स. पॅसेजच्या कडेला उभी असलेली सून ‘चला बाबा, जोर लावा!’ म्हणून ओरडली, तर त्या आकड्याचा भरवसा गेला, कारण मागच्या महिन्यात ती ओरडली नव्हती. पक्षाघातानंतर हाताची हालचाल मोजायची फ्यूगल-मेयर नावाची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक हालचालीला शून्य, एक किंवा दोन गुण, हाताचे एकूण ६६. रुग्ण डोळ्यांत पाणी आणून हात उचलतोय, तुम्हाला वाटतं दोन द्यावेत, आणि द्यायचा असतो एक. माया हवी, पण पेन्सिलीवर तिचा भार पडायला नको. हे ज्याला जमेल त्याने या वाटेला यावं. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला रीडिंग मनाने भरणाऱ्याने येऊ नये, हे मी गमतीत म्हणत नाही.

दुसरी कसोटी निराशेची. भारतात पक्षाघाताच्या रुग्णांना पुरेसे थेरपिस्ट मिळत नाहीत. मग घरच्याच माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले तर? सगळ्यांनाच पटेल अशी कल्पना. देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ती तपासली गेली. ‘अटेंड’ नावाच्या या चाचणीचा निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण, घरच्यांना शिकवलेल्या गटात ४७ टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातही ४७ टक्केच. काही वर्षांची मेहनत, आणि उत्तर ‘फरक नाही’. पण हे उत्तर मिळालं नसतं, तर ही पद्धत भाबडेपणाने देशभर राबवली गेली असती आणि थेरपिस्ट नेमण्याची निकड मागे पडली असती. पाच देशांतल्या २१०४ रुग्णांच्या ‘अव्हर्ट’ चाचणीने (२०१५) तर आणखी चमत्कारिक गोष्ट दाखवली. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला पुन्हा पुन्हा उठवून चालवलं, तर तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेल्यांचं प्रमाण वाढण्याऐवजी थोडं घटलं. ‘लवकर उठवा, लवकर बरे होतील’ हे पोटतिडकीने सांगणाऱ्या मंडळींना ते गिळायला जड गेलं असणार.

वाट कशी आहे ते थोडक्यात. महाराष्ट्रात फिजिओथेरपी (बीपीटीएच), ऑक्युपेशनल थेरपी (बीओटीएच) आणि कृत्रिम अवयव-आधार यांचा बीपीओ या अभ्यासक्रमांचे प्रवेश नीटच्या गुणांवर सीईटी सेलमार्फत होतात. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया वेगळी असते, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचंच माहितीपत्रक वाचा, शेजारच्या दादाचा अनुभव प्रमाण मानू नका. फिजिओथेरपी आजवर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची होती. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात ती एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांची आहे. पुढे दोन वर्षांची एमपीटी, आणि संशोधनात राहायचं तर पीएचडी. नेरूळला डी. वाय. पाटील विद्यापीठाचं आणि तेरणाचं, कामोठ्याला एमजीएमचं, अशी फिजिओथेरपीची कॉलेजं नवी मुंबईतच आहेत. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. एमबीबीएस झालेल्याला याच विषयात एमडी करता येतं. यंत्रांत रमणाऱ्या मुलाने इंजिनिअरिंगच्या बाजूने यावं. आयआयटी मुंबईचं बेटिक केंद्र २०१४ पासून वैद्यकीय उपकरणं घडवतंय.

ऑक्युपेशनल थेरपीकडे मराठी पालक उगाच दुर्लक्ष करतात. ही विद्या देशात आणणाऱ्या बाई आपल्या घरातल्याच म्हणायच्या. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. हात हलला की फिजिओचं काम बरंचसं झालं. त्या हाताने भाकरी थापता येते का, हे बघणारा तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. संशोधनाला इथे मोकळं रान आहे आणि गर्दी कमी.

पैशांचं स्पष्ट बोललेलं बरं. पहिला पगार कॉम्प्युटरला गेलेल्या मावसभावाच्या पगाराशेजारी ठेवू नका, जेवण कडू होईल. दवाखाना किंवा घरी जाऊन उपचार केले तर हळूहळू बसतं. संशोधनात एमपीटीनंतर बहुतेकांची सुरुवात एखाद्या प्रकल्पावरच्या ठरावीक मुदतीच्या नोकरीने होते, किंवा कॉलेजात शिकवता शिकवता. परदेशाचं म्हणाल, तर पीएचडीसाठी शिष्यवृत्तीवर जाणं हा एक मार्ग आणि तिथे रुग्ण तपासण्याचा परवाना काढणं हा निराळा, खर्चिक मार्ग. घरात दोन्हींची गल्लत होते. कर्ज काढण्याआधी कोणता धरायचाय ते ठरवा. ‘मुलीला पेशंट उचलायला लागतील, झेपेल का?’ असंही विचारतात. उचलण्याचं तंत्र पद्धतशीर शिकवतात. त्यात ताकदीपेक्षा पाय कुठे रोवायचे याला महत्त्व आहे. आणि नावापुढे ‘डॉ.’ लागेल का? २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘लावू नये’ असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. एका अक्षराच्या या भांडणावर पाच वर्षांचा निर्णय बेतू नका, एवढंच म्हणेन.

कॉलेज निवडताना इमारतीचे फोटो बघण्याऐवजी एक काम करा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि तिचं संकेतस्थळ कुणालाही फुकट बघता येतं. रुग्णांवरच्या चाचण्या तिथे नोंदवल्या जातात, एमपीटीच्या प्रबंधांसाठीच्याही. तिथे कॉलेजचं नाव टाकून शोधा. काय विचारलंय, किती रुग्ण, कुठे, मोजमाप कशाचं, सगळं समोर येईल. दहा नोंदी वाचल्यात तरी कॉलेजचा पोत कळतो. मानदुखीवर अमुक व्यायाम बरा की तमुक, असं दरवर्षी तेच ते आलटूनपालटून चाललंय, की कुणी भिवंडीच्या यंत्रमाग कामगारासारख्या माणसाचा प्रश्न हातात घेतलाय?

मग मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा, ओपीडीच्या वेळेत, सकाळी. एमपीटीच्या कुणा विद्यार्थिनीला गाठून विचारा, ‘तुझ्या थिसिसचा प्रश्न काय गं?’ तिने दोन वाक्यांत समजेलसं सांगितलं आणि वर त्यात काय अडतंय हेही सांगितलं, तर फॉर्मला हात घालायला हरकत नाही. ‘विषय गाइडनीच दिलाय, काका’ असं उत्तर आलं, तर नेरूळहून कामोठ्याच्या मानसरोवर स्टेशनला जाणारी लोकल पकडा, किंवा उलट. दुपारची ओपीडी अजून मिळेल.