शेजारच्या जिल्ह्यातला कान

(विश्वात फार दूर घडलेल्या घटनांची चाहूल घेणारे एक यंत्र महाराष्ट्रात उभारले जाणार आहे. ते काय मोजते, कसे मोजते आणि त्यासाठी आपल्या देशातील शास्त्रज्ञांनी कोणते काम केले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. या भागातून पैनगंगा ओलांडून पश्चिमेकडे गेले, की हिंगोली जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव तेथील जुन्या दगडी मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. याच औंढा तालुक्यात आता एक वेगळेच बांधकाम होणार आहे. त्याला ना कळस असेल, ना घुमट. जमिनीवर काटकोनात पसरलेल्या दोन सरळ भुजा आणि प्रत्येक भुजेत पोलादाची एक रुंद नळी, एवढेच त्याचे रूप. प्रत्येक भुजेची लांबी चार किलोमीटर. सावकाश चालणाऱ्या माणसाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला एक तास लागेल. या प्रकल्पाचे नाव आहे ‘लायगो-इंडिया’.

ही वेधशाळा आहे. पण तिच्यात दुर्बीण नाही. दुर्बीण म्हणजे डोळा. हा आहे कान.

विहिरीत दगड टाकला, की पाण्यावर लहरी उठतात आणि काठापर्यंत येतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ साली सांगितले, की फार जड वस्तू वेगाने एकमेकींभोवती फिरू लागल्या, तर अवकाशातही लहरी उठतील. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. विहिरीचे उदाहरण येथे थोडे अपुरे पडते. तिथे पाणी हलते. इथे अवकाशच ताणले जाते. एक जुना, सैल विणीचा रुमाल घ्या. तो लांबीच्या दिशेने ओढा. तो लांब होतो आणि रुंदीला आखडतो. आता रुंदीच्या दिशेने ओढा. आता लांबी कमी होते. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाताना असेच करते. एक भुजा किंचित लांब होते, तेव्हा दुसरी किंचित आखूड होते. म्हणूनच यंत्राला दोन भुजा लागतात आणि त्या काटकोनात ठेवाव्या लागतात.

पण ‘किंचित’ म्हणजे किती? अणूच्या केंद्रात प्रोटॉन नावाचा कण असतो. त्याच्या व्यासाचे चारशे भाग करा. त्यातल्या साधारण एका भागाइतकी ही चार किलोमीटरची भुजा बदलते. कोणत्याही पट्टीने हे मोजता येणार नाही. हे मोजायला प्रकाशच लागतो.

लेसर नावाच्या दिव्याचा प्रकाश अतिशय शिस्तीचा असतो. त्याच्या सगळ्या लहरी पाऊल जुळवून चालतात. लायगोतील लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कारण तो तांबड्या रंगाच्याही पलीकडचा आहे. तो एका खास आरशावर पडतो आणि त्याचे दोन भाग होतात. एक भाग एका भुजेत जातो, दुसरा दुसऱ्या भुजेत. टोकाच्या आरशांवरून उलटून ते परत येतात आणि एकत्र मिळतात. दोन्ही भुजा ठरल्या मापाच्या असतील, तर एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो. मग प्रकाशात प्रकाश मिळूनही अंधार होतो! भुजांच्या लांबीत जरासा फरक पडला, की त्या अंधारात प्रकाश चमकतो. ती चमक हाच आपला संदेश.

प्रकाश आणि आरसे यांचा अभ्यास फार जुना आहे. बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याची आठवण म्हणूनही २०१५ हे साल जगभर ‘प्रकाश वर्ष’ म्हणून साजरे झाले. त्याच वर्षी लायगोला पहिली चाहूल लागली. हा केवळ योगायोग. पण छान योगायोग!

आता या आरशांविषयी. प्रत्येक आरसा चाळीस किलो वजनाचा, अतिशय शुद्ध काचेचा आहे. तो एकाखाली एक अशा चार लंबकांच्या टोकाला टांगलेला असतो. शेवटचे धागेही काचेचेच, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. पोलादी तार का नाही? कारण तारेच्या आतले कण एकमेकांवर घासतात आणि तेवढ्यानेही आरसा थरथरतो. आरशावर जो चकचकीत लेप असतो, त्यातले अणूही उष्णतेमुळे सतत हलत असतात. हे हलणे कमी कसे करावे, कोणता पदार्थ लेपासाठी घ्यावा, यावर आजही संशोधन चालू आहे. जपानमधील ‘काग्रा’ या वेधशाळेने तर नीलमण्याचे आरसे बसवले आहेत आणि ते अतिशय थंड ठेवण्याची सोय केली आहे.

एवढे करूनही गोंगाट उरतोच. तुम्ही ज्याला ‘शोर’ म्हणता, त्याला मराठीत ‘गोंगाट’ म्हणतात. शास्त्रज्ञ मात्र आवाजालाच नव्हे, तर नको असलेल्या प्रत्येक हालचालीला गोंगाट म्हणतात. दूरच्या समुद्राच्या लाटा, वारा, रस्त्यावरचे ट्रक, सगळे या यंत्राला जाणवते. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे लायगोची एक वेधशाळा आहे. तेथे एकदा विचित्र ठोके येऊ लागले. शोध घेतल्यावर कळले, की बाहेरच्या नळीवर साठलेल्या बर्फाला डोमकावळे चोची मारत होते! तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तुम्ही ऐकली आहे. हे त्याचेच अमेरिकेतील भाऊबंद.

या गोंगाटातून नेमकी लहर ओळखायची कशी? गावातल्या बाजाराची आठवण करा. भाजीवाले ओरडत आहेत, मोटारसायकली जात आहेत. तरी तुमच्या अम्मींनी हाक मारली, की ती तुम्हांला ऐकू येते. असे का होते? त्या आवाजाचा नमुना तुमच्या मनात आधीपासून असतो.

संगणकही हेच करतो. आधी हिशेब करून लहरींचे नमुने तयार ठेवायचे आणि यंत्रातून येणारी माहिती प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहायची. एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, नमुना आहे १, १, –१, –१. यंत्रातून आकडे आले ३, २, –१, –४. आता पहिल्याला पहिल्याने, दुसऱ्याला दुसऱ्याने असे गुणा आणि बेरीज करा. ३ + २ + १ + ४ = १०. आता तेच आकडे वेगळ्या क्रमाने आले असे समजा : ३, –४, २, –१. पुन्हा तसेच करा. ३ – ४ – २ + १ = –२. आकडे तेच, पण जुळणी नाही. म्हणून बेरीज मोठी झाली नाही. चार आकड्यांऐवजी हजारो आकडे आणि एका नमुन्याऐवजी हजारो नमुने घेतले, की लायगोची रीत तयार होते.

पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत या रीतीवर मोलाचे काम झाले. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. तेथील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली एक लेख प्रसिद्ध केला. किती नमुने घ्यावेत आणि कोणते घ्यावेत, याचा विचार त्यात होता. त्या वेळी लायगोची एक वीटही रचलेली नव्हती. जी लहर कोणी पाहिली नाही, तिच्यासाठी आणि जे यंत्र अजून नाही, त्याच्यासाठी गणित मांडणे याला धाडस लागते. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी तर १९७० सालीच दाखवले होते, की कृष्णविवराला धक्का बसला, तर त्यातून घंटेच्या मंदावत जाणाऱ्या नादासारख्या लहरी निघतील. कृष्णविवर म्हणजे इतकी दाट वस्तू, की तिच्यातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. भारतात दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली होती. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील यंत्र थरथरले. सुमारे सात सहस्रांश सेकंदानंतर हॅनफर्डचेही यंत्र तसेच थरथरले. सगळा खेळ एका सेकंदाच्या पाचव्या भागात संपला. शास्त्रज्ञांना आधी आनंद नव्हे, शंका आली. यंत्राची परीक्षा घेण्यासाठी कधी कधी मुद्दाम खोटी लहर सोडली जात असे. तसे काही झाले का? चौकशी झाली. नाही, कोणी सोडली नव्हती. मग गोंगाटच दोन्ही ठिकाणी योगायोगाने सारखा दिसला का? हिशेब केला, तेव्हा उत्तर आले : असा योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही घडणे कठीण. पाच महिने तपासणी चालली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला बातमी सांगितली गेली. आपल्या सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट जड अशी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्यातून झालेले कृष्णविवर ६२ पट भरले. ३६ आणि २९ यांची बेरीज ६५. मग उरलेले तीन सूर्य कुठे गेले? ते लहरींच्या रूपाने उधळले गेले. ही घटना एक अब्ज तीस कोटी वर्षांपूर्वीची होती. लहर तेव्हापासून चालतच होती.

या कामासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १४ जानेवारी २०२५ रोजी आजवरची सर्वांत स्पष्ट लहर आली. विश्वेश्वरा यांनी सांगितलेला तो मंदावणारा नाद तिच्यात नीट तपासता आला. ते मात्र २०१७ साली आपल्यातून गेले होते.

लहरी वाढल्या, तसे खोटे ठोकेही वाढले. ते माणसाने किती पाहावेत? म्हणून आता संगणकाला शिकवले जाते. हजारो ठोक्यांची चित्रे त्याला दाखवायची आणि सांगायचे, हा उडालेल्या प्रकाशाचा, हा विजेचा. २०१६ पासून या शिकवणीत जगभरातील सामान्य माणसेही घरी बसून मदत करत आहेत. लहान मुलाला आपण ‘हा कावळा, ही मैना’ असे शिकवतो, तशीच ही रीत. २०२५ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. आरसे स्थिर धरणारी यंत्रणाच थोडा गोंगाट करत होती. शिकलेल्या संगणकाच्या हाती ती दिल्यावर लिव्हिंग्स्टन येथे तिचा गोंगाट तीस पटींहून अधिक कमी झाला. तरीही संगणकाचे शब्द प्रमाण मानून चालत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी एक महत्त्वाची लहर आली, तेव्हा लिव्हिंग्स्टन येथे तिच्यावरच एक मोठा खोटा ठोका पडला होता. संगणकाच्या नेहमीच्या पद्धतीने तेथील माहिती बाजूला ठेवली. माणसांनी डोळ्यांनी पाहिले आणि खरी लहर वाचवली.

ती लहर दोन मृत ताऱ्यांच्या धडकेची होती. अशा धडकेत सोन्यासारखे जड धातू तयार होतात. त्या वेळी इटलीतील ‘व्हर्गो’ ही तिसरी वेधशाळाही चालू होती. म्हणून आकाशात नेमके कुठे पाहावे, हे बरेच कळले. तुमच्या दोन कानांत आवाज वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो, त्यावरून तो डावीकडून आला की उजवीकडून, हे कळते. वेधशाळांचेही तसेच आहे. २०१५ ची लहर दोनच ठिकाणी ऐकली गेली. तिची जागा म्हणून आकाशाचा जो भाग दाखवता आला, त्यात पौर्णिमेचे तीन हजार चंद्र मावले असते. २०१७ साली तोच भाग दीडशे चंद्रांहून कमी झाला आणि अकरा तासांच्या आत दुर्बिणींनी ती धडक शोधून काढली. भारतातील यंत्र अमेरिका आणि युरोप यांच्यापासून फार दूर असेल. कान जितके दूर, तितकी दिशा नेमकी. हिंगोलीची खरी गरज हीच आहे.

पण हिंगोलीच का? मोठी शहरे, कारखाने, समुद्र यांपासून दूर आणि सपाट अशी जागा हवी होती. २०२४ साली मात्र हिंगोली, नांदेड, परभणी या भागांत भूकंपाचे धक्के जाणवले. २१ मार्चच्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती. मग ही जागा चुकली का? असा प्रश्न तुमच्या मनात येईल आणि तो योग्यच आहे. दूरच्या देशातील मोठ्या भूकंपानेही अमेरिकेतील यंत्रांचे काम काही वेळ थांबते. आरसे स्थिर झाले, की ते पुन्हा सुरू होते. लंबकांची ती चार मजली रचना यासाठीच आहे. तरी आपल्याकडील जमिनीची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी लागेल, हे खरे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. लेसर, आरसे अशी बरीच सामग्री अमेरिकेकडून यायची आहे. इमारती, पोलादी नळ्या आणि त्यांतील निर्वात पोकळी यांचे काम आपल्याकडचे. पुण्याची आयुका, इंदूर आणि गांधीनगर येथील संशोधन संस्था आणि मुंबईचा अणुऊर्जा विभागाचा बांधकाम विभाग मिळून हे काम करत आहेत. यंत्र ऐकू लागायला अजून काही वर्षे लागतील. त्या वेळी तुमच्यापैकी काही जण महाविद्यालयात असतील.

शब्दार्थ

चाहूल – येण्याची खूण, सुगावा
आखडणे – आकाराने लहान होणे
खळगा – खोलगट भाग
ताडून पाहणे – तुलना करून पाहणे
निर्वात – जिथे हवा नाही असे
शब्द प्रमाण मानणे – सांगितलेले न तपासता खरे मानणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लायगोच्या दोन भुजा काटकोनात का असतात?
(आ) आरसे टांगण्यासाठी पोलादी तार का वापरत नाहीत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) २०१५ साली लहर आल्यावर शास्त्रज्ञांनी कोणकोणत्या शंका तपासल्या?
(आ) दोनांपेक्षा तीन ठिकाणी लहर ऐकली, तर कोणता फायदा होतो?

३. नमुना १, –१, १, –१ आहे. पुढीलपैकी कोणते आकडे त्याच्याशी अधिक जुळतात, ते गुणून आणि बेरीज करून ठरवा.
(अ) २, –३, १, –२  (आ) २, १, –३, –२

४. पुढील शब्द मराठीत जसे वापरतात, तसे वापरून वाक्ये बनवा : गोंगाट, नमुना, शंका, हिशेब. यांपैकी कोणते शब्द उर्दूतही आहेत, ते सांगा.